सातव्या महिन्याच्या आधी

पाचवा महिना सरत आला होता तेव्हा माझं पहिलं बाळ पोटातच गेलं. नवरा जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात होता, तो तसाच दवाखान्यात धावत आला. नर्सनं कापडात गुंडाळलेलं बाळ त्याच्या हातात दिलं. मुलगा होता.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "रडू नको माय. लेकरात जीव सातव्या महिन्यात येतो. त्याच्याआधी कोणी गेलंच न्हाई."

धीर द्यायलाच बोलत होत्या, हे कळत होतं. तरी मी विचारलं, "मंग आत्या, पोटात लाथा कोण मारत होतं?"

त्यांनी माझ्या अंगावरची चादर सारखी केली.

राजूरजवळच्या आमच्या शेतात सासऱ्यांनी खड्डा खणून ठेवायला सांगितलं होतं. मला घरी उतरवून ते आणि नवरा पुढे जाणार होते. बायांनी जायची रीत नाही. रिक्षा घराच्या दारात थांबली, पण बाळाचं गाठोडं नवऱ्याकडून मांडीवर घेऊन मी बसून राहिले, उतरले नाही.

"मी येणार."

"ओल्या अंगानं रानात जाऊ न्हाई. वारं लागतं," सासरे म्हणाले.

"लागू द्या. माझं लेकरू आहे."

नवरा खाली मान घालून बसला होता. आत्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चाल रे बाबा. सगळेच येऊन राह्यलो."

वाटेत त्यांनी ते गाठोडं माझ्याकडून मागून घेतलं. कापड जरासं बाजूला करून बघितलं. "माझं बी एक असंच गेल्तं," त्या म्हणाल्या. "मला कोणी दाखवलं बी न्हाई."

सासऱ्यांनी चेहरा बाहेर वळवला.

शेतात बाळाला मीच खाली ठेवलं. वर मीठ आत्यांनी टाकलं, पहिली मूठभर माती मी.

पुढे मुलगी झाली. बारशाला आलेली एक शेजारीण पाळण्यात वाकून म्हणाली, "बघ, तोच जीव फिरून आला. आता पहिलं इसरून जा."

"न्हाई काकू," मी म्हणाले. "तो येगळा होता, ही येगळी आहे. ह्या पोरीवर त्याचं ओझं नको."

काकूंचं तोंड उतरलं. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. आत्यांनी पाळण्याची दोरी हातात घेतली.

"बराबर बोलली ती," त्या म्हणाल्या. "म्हणा आता पाळणा."

बायांनी सूर धरला आणि नणंदेनं वाकून माझ्या लेकीच्या कानात तिचं नाव सांगितलं.