डावा पाय

दुकान वाढत गेलं तसतशी माझी प्रार्थना आटत गेली, हे मला फार उशिरा कळलं. भाईंदरच्या केबिन रोडवर मी नळ, बेसिन, टाइल्स विकतो. एका गाळ्याचे तीन गाळे झाले, आम्ही सिल्व्हर पार्कला मोठ्या घरात आलो. दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायचो, दान सढळ हाताने द्यायचो, पण गुडघे टेकले की मनात काही येत नसे. प्रत्येक अडचणीला माझ्याकडे कुणाचा ना कुणाचा फोन नंबर होता. देवाकडे मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर याचीच मला भीती वाटायची.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. गेल्या वर्षी मी त्यासाठी पितळेचं मोठं घंगाळ भेट दिलं, काठावर माझं नाव ठळक कोरून. मग बारा जणांत मलाही बसवलं. वाटलं, या निमित्ताने तरी आत काही हलेल. तयारी मात्र अट्टल दुकानदाराची. फादर फक्त उजवा पाय धुतात हे ठाऊक होतं, म्हणून उजव्या पायाची नखं कापली, पार्लरमध्ये जाऊन टाच गुळगुळीत करून घेतली. पाय धुवून घ्यायला मी घरून पाय धुवून निघालो. शिवाय नवे महागडे बूट आणले आणि सवय व्हावी म्हणून आठवडाभर तेच घालून हिंडलो. डाव्या पायाकडे कोण बघणार होतं?

शेजारच्या खुर्चीवर फिलूमावशी होती. जुन्या भाईंदरच्या बाजारात ती मासळी विकते. पाटी रिकामी करून थेट आली होती. टाचेच्या भेगांत काळं साचलेलं, बोटाला एक खवला चिकटलेला. मला तिच्या वतीने लाज वाटली, तिला अजिबात वाटली नाही. फादरांनी पाणी ओतलं तसे तिने डोळे मिटले आणि तिच्या गालांवरून आसवं वाहायला लागली. इतक्या मोकळ्या मनाने कुणी काही घेताना मी पाहिलं नव्हतं. मला तिचा हेवा वाटला. माझी पाळी आली तेव्हा मी काय विचार करत होतो? फोटोत घंगाळावरचं नाव नीट आलं असेल ना.

फादर पुढे सरकले, पण मावशी माझ्या डाव्या पायाकडेच बघत राहिली. दोन्ही बूट काढले होते, डाव्या पायात मोजा तसाच होता.

"शेट, तुझा मोजा भिजलाय."

"पाणी उडालं असेल."

"पानी न्हाय. काढ."

मला कित्येक वर्षांत कुणी 'तू' म्हटलं नव्हतं. मी घुटमळलो, तर तिनेच वाकून मोजा ओढला. अंगठ्याखाली तळव्याला रुपयाएवढी जखम होती, चांगली पिकलेली. नवा बूट लागला होता. मला डायबेटिस आहे. पाय बधिर होत चाललेत, असं डॉक्टरांनी बजावलंही होतं, मी मनावर घेतलं नव्हतं. पोट आड येत असल्यामुळे तळवा दिसायचाही नाही.

"दुखत न्हाय?"

"नाही."

"माझ्या नवऱ्याला बी दुखत नव्हता. पाय गेला, मंग कळला."

मी म्हटलं, मिस्सा संपू दे. मावशी म्हणाली, "देव हितंच हाय, कुठं जात न्हाय. तू ऊठ." माझी गाडी बाहेर दुसऱ्या गाड्यांत अडकली होती. मावशीने "ए भाई, जल्दी चल" म्हणत रिक्षा थांबवली आणि ओल्या पायानेच माझ्याबरोबर दवाखान्यात आली. आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर बोटं वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या पलंगावर पडून मी बऱ्याच वर्षांनी खरी प्रार्थना केली. देवा, मला दुखू दे, एवढीच.

बरा झाल्यावर मावशीला मासळीसाठी मोठी बर्फाची पेटी पाठवली. पेटी परत आली, सोबत निरोप: मना काय नको, रविवारी पाय दाखव. घंगाळावरचं नाव घासून काढतो म्हटलं, तर फादर हसून म्हणाले, राहू द्या, तुम्हाला आठवण राहील.

तेव्हापासून दर रविवारी मिस्सा झाली की चर्चच्या पायरीवर बसून मी डावा बूट काढतो. माझी गिऱ्हाइकं येता-जाता बघतात. पहिल्या दिवशी मान वर करवत नव्हती. मावशी चष्मा लावते, माझं पाऊल मांडीवर घेते आणि अंगठ्याने तळवा दाबत जाते. सगळं आपल्या हातात आहे अशा गुर्मीत मी जगलो, आणि मला स्वतःचा तळवा दिसत नव्हता. तो दुसऱ्याच्या हाती द्यावा लागला. देणं अजूनही सोपं जात नाही, पण देतो.

गेल्या रविवारी तिने जखमेच्या जागी दाबलं आणि नेहमीसारखं विचारलं, "कळतंय काय?"

किंचित टोचलं होतं.

"दुखतंय, मावशी," मी म्हणालो, आणि भर पायरीवर रडलो.