आंघोळीच्या पाण्यावरचा दुधी

घोडा पाहिजे, घोडा पाहिजे, असं आमच्या भासऱ्यांनी त्या शिमग्यापासून जे धरलं, ते काही सोडायला तयार नाहीत. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, उदाजीराव. सुनेनं भासऱ्यांचं नाव घेऊ नये म्हणतात, पण आता मलाच सुना आल्या, मी घेते! संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळाला तेव्हा चार-पाच वर्षं होऊन गेली होती. देवासात दोन राज्यं, थोरली पाती नि धाकटी पाती. आमच्या गल्लीची ही बाजू थोरलीत, समोरची धाकटीत. त्या समोरच्यांच्या दारी घोडा आला, झालं! धाकटीच्या दारात घोडा खिंकाळतोय आणि थोरलीच्या दारात काय, तर माझ्या जाऊबाईंचे पापड वाळताहेत. त्यात ते समोरचे रोज ओट्यावरून विचारायचे, "का हो उदाजी भिया, तुमचा घोडा कधी?" भासऱ्यांचं जेवणात लक्ष लागेना.

पण पागा बांधायची कुठे? जागा एकच, घरामागचं परस. आणि तिथे आमच्या जाऊबाईंनी, भवानीबाईंनी, नुकतीच भाजी लावलेली. भेंडी, गवार, गिलकी, तांदुळजा आणि भिंतीकडेला दुधी. भासऱ्यांनी परसात उभं राहून काठीनं पागेची रेघ मारली, ती नेमकी भेंडीच्या वाफ्यातून. जाऊबाईंनी ती पायानं पुसली. मग असा तंटा झाला की विचारू नका. सात घरं सोडून आवाज.

शेवटी भासरे म्हणाले, "गंगा दशहऱ्याला विश्वासरावमामा धारहून घोडा घेऊन येणार आहेत. त्या दिवशी त्यांच्या ताटात या परसातल्या पाच भाज्या वाढा. वाढल्यात तर घोडा आल्या पावली परत. नाही वाढल्यात तर परस घोड्याचं. आणि ऐकून ठेवा, झाडांना कोरं पाणी एक थेंब द्यायचं नाही. विहीर तळाला गेली आहे. सांडपाणी घाला हवं तर."

"कबूल," जाऊबाई म्हणाल्या. मी म्हटलं, मेलो! माळव्याचा वैशाख, वर ऊन आणि खाली काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. पण आमच्या जाऊबाई म्हणजे काय रसायन, ते भासऱ्यांना इतकी वर्षं संसार करून कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर न्हाणीतला दगड उचलून परसात, वाफ्यांच्या मधोमध! भोवती जुन्या लुगड्यांची कनात. म्हणाल्या, "धाकटे, आजपासून ज्याला आंघोळ करायची त्यानं इथे. सांडपाणीच घालायचं ना? घालू की!"

काय सांगू बाई, ती मौज! माझे यजमान भेंडीत न्हायचे, मी गवारीत. पण घरातल्या माणसांच्या आंघोळी कितीशा पुरणार? जाऊबाईंनी गल्लीत आमंत्रण फिरवलं: आपापली घागर घेऊन न्हायला या, शिकेकाई आमची आणि वर कैरीचं पन्हं. आल्या की हो साऱ्या! थोरलीतल्या आल्या, धाकटीतल्या आल्या, समोरच्या घोडेवाल्यांची बायकोसुद्धा डोक्यावर घागर घेऊन हसत हसत आली. दुपारभर कनातीत खिदळणं, गाणी, एकमेकींच्या पाठी चोळणं. शिकेकाईच्या पाण्यानं गवारीवरची माव्याची कीडसुद्धा पळाली. शालिग्राम कहार कावडीनं पाणी आणायचा, तो दारात थबकून म्हणाला, "बई, यो घर हे के सिंहस्थ को मेळो?" जाऊबाईंनी त्यालाही सोडलं नाही. पाय धुऊन जा म्हणाल्या, तांदुळज्यावर.

भासरे मात्र हट्टाला पेटलेले. माझं पाणी तुमच्या भाजीला मिळायचं नाही म्हणाले, आणि परसाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात, जिथे एकही वाफा नव्हता तिथे, स्वतःचा वेगळा दगड टाकून त्याला वेगळी कनात लावून घेतली. तिथे ऐसपैस बसून न्हायचे आणि न्हाताना खरबूज खायचे. बिया थूः थूः करून उडवायचे, ते आम्हाला अलीकडे ऐकू यायचं. जाऊबाई दात-ओठ खात म्हणायच्या, "ऐक, ऐक! पाणी वाया घालवताहेत आणि वर थुंकताहेत!"

असं करता करता भेंडी लागली, गवार लटकली, गिलकी तर अशी माजली की जाऊबाई तिला 'सवत' म्हणायच्या. दुधीच तेवढा रुसलेला. बिया पेरल्या मूठभर, उगवला एकच वेल, आणि त्याला धरला एकच दुधी. त्याच्यासाठी घरात काय थाट! कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं ना, म्हणून आम्ही सगळे कोपरानं दाखवायचो. पाहुण्या बायकांनाही ताकीद. एकदा माझ्या यजमानांनी चुकून बोट पुढे केलं, तर जाऊबाईंनी ते पळीनं हाणलं.

गंगा दशहरा जवळ आला. दुधी चांगला हातभर झाला, आता कापायचा, पाच भाज्या पुऱ्या. मी आनंदानं टाळ्या पिटते आहे, तर जाऊबाई वेलापाशी मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या.

"कापवत नाही गं, धाकटे," म्हणाल्या.

मग सांगितलं. त्यांचं माहेर पीपलरावां गावचं. छप्पनच्या सालात तिथे हिरवं पान राहिलं नव्हतं. त्यांच्या आईचं पोट पाठीला लागलं, झाडाच्या साली उकळून खाल्ल्या, पण परसातल्या दुधीच्या बिया चिंधीत बांधून ठेवल्या होत्या, त्या काही भाजून खाल्ल्या नाहीत. बी मोडायचं नसतं, म्हणाल्या. ती चिंधी लेकीच्या हातात देऊन त्या गेल्या. "सगळ्या बिया पेरल्या मी," जाऊबाई म्हणाल्या. "हा एकच धरला. हा वेलावर वाळवला तर बी राहील. कापला तर आईचं बी माझ्या हातानं संपलं. आणि न कापावा तर परस घोड्याचं, मग बी लावू कुठे, कपाळावर?"

"भासऱ्यांना सांगा ना!" मी म्हटलं.

"मुळीच नाही. पैज लावली तेव्हा रडले नाही, आता रडून जिंकू? तुला माझी शपथ, त्यांच्याशी बोलशील तर!"

बोलणार कशी? भासऱ्यांसमोर आम्ही धाकट्या सुना पदर नाकापर्यंत ओढायच्या. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्याशी माझा एक शब्द नाही. काही कळवायचंच झालं तर तुळशीला सांगायचं, दाराला सांगायचं, आणि ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकायचं. मग काय! दुसऱ्या दिवशी भासरे कनातीत न्हायला बसले, तशी मी बाहेर घागर ठेवली आणि तिच्यापुढे उकिडवी बसले. शपथ भासऱ्यांशी न बोलण्याची होती, घागरीशी न बोलण्याची नव्हती! म्हटलं, "काय सांगू घागरबाई तुम्हाला, आमच्या जाऊबाईंच्या आईची गोष्ट!" आणि सगळी सांगितली, चिंधीपासून कपाळापर्यंत. आत पाण्याचा आवाज थांबला. खरबुजाच्या बियांचा थूः थूःही थांबला. मग खाकरल्याचा आवाज आला. मी धूम पळाले.

पण हा पुरुष काही बोलेल तर शपथ! उलट त्या दिवसापासून दिवसातून दोन-दोन, तीन-तीनदा न्हायला लागले, आपल्याच कोपऱ्यात. कनातीत एक मोठं डालगंही नेलं. आता आमच्या घरी कोंबड्या कुठल्या? जाऊबाईंचा संताप संताप. "उकळत्या उन्हात दुधीला पाणी नाही, आणि हे बघ, म्हैस डुंबावी तसे डुंबताहेत!" मीही घागरीला मनातल्या मनात शिव्या दिल्या. म्हटलं, मेली बहिरी निघाली.

गंगा दशहऱ्याला मामासाहेब आले. घोडा अबलख, गळ्यात घुंगुरमाळ. गल्लीत ही गर्दी! जाऊबाई पहाटेपासून विळी काढायच्या, वेलापर्यंत जायच्या, परत यायच्या. शेवटी विळी ठेवून दिली. पानं मांडली, मामा पाटावर बसले आणि मोठ्यानं मोजायला लागले. भेंडी. गवार. गिलकी. तांदुळजा. "पाचवी?"

जाऊबाई दाराआडून म्हणाल्या, "नाही मामासाहेब. हरले मी. परस घोड्याचं." आवाज अजिबात कापला नाही हो त्यांचा. माझाच हुंदका फुटला.

"थांबा!" भासरे पाटावरून उठले. परसात गेले नि परत आले ते हातात एक काळंकुट्ट पातेलं घेऊन. शिकारीवर रांधतात तसं तीन दगडांवर स्वतः शिजवलेलं! "ही पाचवी. कच्च्या खरबुजाची. वेल याच परसातला, डालग्याखाली जपलेला. पाणीही अटीतलं, माझ्याच अंगावरून गेलेलं."

मामांनी घास घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी, कानशिलं लाल. "अरे, यात मिरच्या घातल्यास की मिरच्यांत खरबूज घातलंस? आणि गाढवा, पैज तुझी, हरतोसही तूच?"

"हरतो," भासरे म्हणाले. "आमच्या घरात मीच तेवढा हरायचा राहिलो होतो."

जाऊबाई दाराआड हसायला लागल्या. हसता हसता माझा खांदा असा दाबला की चार दिवस दुखत होता. घोडा धारला परत गेला. जाताना भासऱ्यांचं डालगं तेवढं अर्धं खाऊन गेला.

दुधी वेलावर सुकला, पुढे कडकडीत वाळला, हलवला की खुळखुळायचा. जाऊबाईंनी तो परसात बसून फोडला आणि पहिली मूठ भासऱ्यांच्या ओंजळीत घातली.

"एवढं काय आहे या बियांत?" भासऱ्यांनी विचारलं. चेहऱ्यावर एक रेघ हलू दिली नाही.

मग जाऊबाईंनी सांगितलं. आई, झाडाच्या साली, चिंधी, सगळं, स्वतःच्या तोंडानं. भासरे ऐकत होते, आणि मध्ये मध्ये विचारत होते, "असं? मग? मग काय झालं?" त्यांचे डोळे भरले होते. मी तुळशीमागे तोंडात पदर कोंबून उभी. हसू की रडू कळेना.

सांगून झाल्यावर जाऊबाई आत गेल्या. भासरे दगडापाशी हात धुवायला आले. मी पदर ओढून घागर पुढे सरकवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घागरीकडेच पाहून हळूच म्हणाले, "घागरबाई, आपण ही गोष्ट आज पहिल्यांदाच ऐकली, बरं का."

मी घागरीलाच म्हटलं, "हो म्हणावं."