न उघडलेला बंगला

मामाचा बंगला मी पुण्यात बांधून पूर्ण केला, तेव्हा मामाच्या गावी, बोरी बुद्रुकला, त्याचा पायाही खोदलेला नव्हता.

मी नुकताच आर्किटेक्ट झालो होतो आणि कॉम्प्युटरवर हुबेहूब घर उभं करायला शिकलो होतो. इकडे मामाच्या संतोषचं लग्न जमत नव्हतं. आधीचं स्थळ पत्र्याचं घर बघून चहा अर्धा टाकून गेलेलं. येडगावचे पाहुणे यायचे ठरले, तसा मामाचा फोन आला. "पावणं आधी घर बघत्यात. तू तुझ्या मशिनीतला बंगला घिऊन ये."

मी बंगल्याला संगमरवरी जिना दिला, अंगणात गुलमोहर लावला (मामीला न विचारता दोन गाड्याही उभ्या केल्या) आणि ती फाईल सीडीवर घेऊन निघालो.

पोहे झाले. सगळे संतोषच्या कॉम्प्युटरभोवती बसले. फाईल कशात उघडू, असं कॉम्प्युटरनं विचारलं. मी रुबाबात पहिलं दिसलं ते निवडलं. पडदाभर चौकोन, उलटीसुलटी अक्षरं आणि प्रश्नचिन्हं पसरली.

मुलीच्या वडलांनी चष्मा लावला. "ह्यात बंगला कुठं हाय?"

"खाली आसंल," मामा म्हणाला. "अजून खाली घे."

मी खाली खाली जात राहिलो. प्रश्नचिन्हं संपेनात. मामी स्वयंपाकघरात निघून गेली.

शेवटी ओट्यावर जाऊन पुण्याच्या मित्राला फोन लावला. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, की ती फाईल म्हणजे चित्र नव्हेच. त्या सॉफ्टवेअरनं स्वतःपुरतं, स्वतःच्या लिपीत लिहून ठेवलेलं ते टिपण. दुसऱ्या कुणाला ते वाचता येऊ नये, अशी कंपनीचीच सोय. लोकांना दाखवायचं तर त्यातून साधा फोटो काढून न्यायचा असतो.

आत येतो तर संतोषनं फाईलच्या नावाचं टिंबापुढचं शेपूट बदलून तिला फोटो बनवायचा घाट घातलेला. (शेपूट बदललं, आतला प्राणी तोच राहिला.)

सीडीवर नशिबानं घराच्या नुसत्या रेषांची वेगळी फाईल होती, आणि नकाशे काढायचं साधं सॉफ्टवेअर संतोषकडं होतं. बंगला एकदाचा उघडला. ना भिंती, ना रंग, ना संगमरवर. तारेचा पिंजराच जणू. जिन्यातून संडास दिसत होता, संडासातून देवघर.

मामानं डोळे मिटून घेतले. मुलीचे वडील बराच वेळ बघत राहिले.

"आरपार दिसतंय की," ते म्हणाले. "ह्ये बरं केलं भाऊ. आजकाल लोकं दुसऱ्याच्याच बंगल्याचा फोटू दाखवत्यात. तुमी काय झाकलं न्हाई. आमाला पसंत हाय."

त्याच बैठकीत सुपारी फुटली. मला आज या धंद्यात बरीच वर्षं झाली. गिऱ्हाइकानं एकही दुरुस्ती न सांगता पास केलेलं माझं एवढं एकच काम, आणि ते धड उघडलंही नव्हतं!