अकरा माळा

जळगावच्या सभागृहात त्या दिवशी एसी इतका गार होता की आम्ही सगळ्या आरोग्य सेविका खांद्यावरून पदर ओढून बसलो होतो. पुण्याहून आलेला एक तरुण साहेब पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा दाखवत होता. गाव म्हणजे एक ठिपका. ठिपका हिरवा असला तर गाव निरोगी, पिवळा झाला तर सावध राहायचं, आणि लाल झाला की साथ आली समजायचं. कृत्रिम बुद्धिमत्ता रोज आमचे अहवाल वाचणार, पाऊस बघणार, उपग्रहाचे फोटो तपासणार आणि साथ कुठे येणार ते ती यायच्या आधीच सांगणार, असं तो म्हणाला. जगातले मोठमोठे देश आता असंच करतात म्हणे. उंटावरून शेळ्या हाकणारे साहेब मी नोकरीभर पाहिले होते. हे तर आभाळातून हाकायला निघाले होते.

मग तो म्हणाला, "तुमचे गेल्या कित्येक वर्षांचे साप्ताहिक अहवाल आम्ही या यंत्रणेला वाचायला दिलेत. त्यातूनच ती शिकली आहे."

मला हसू आवरेना. शेजारी सावद्याकडची एक सिस्टर बसली होती. तिने मला कोपर मारलं, पण तीही तोंडाला रुमाल लावून हसत होती. त्या अहवालांत काय असतं ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

आमच्या खात्यात 'निरंक' असा एक शब्द आहे. निरंक म्हणजे काही नाही. रुग्ण निरंक, साथ निरंक, मृत्यू निरंक. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी बावळटासारखा खरा आकडा लिहिला होता: जुलाबाचे सात रुग्ण. आठवड्यात पत्र आलं, 'आपल्या कार्यक्षेत्रात रुग्ण का आढळले याचा लेखी खुलासा तात्काळ सादर करावा.' जणू गावाला जुलाब मीच वाटले होते. त्यानंतर साहेबांच्या तीन भेटी झाल्या, दोनदा पाण्याचे नमुने गेले, आणि सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी निघाली. तेव्हाचे आमचे पर्यवेक्षक वयस्कर होते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, आकडा लिहिला की तो निस्तरावा लागतो. निरंक लिहायचं आणि वेळेवर घरी जायचं."

मी शिकले. नुसती शिकले नाही, इतरांनाही शिकवलं. माझं उपकेंद्र पारोळ्याजवळच्या एका गावात आहे. तिथली आशाताई नवीन लागली तेव्हा तिच्या पहिल्याच अहवालात तापाचे चार रुग्ण होते. ते खोडून तिथे निरंक कसं लिहायचं, हे मीच तिला तिच्या ओट्यावर बसून दाखवलं. गुणाची बाई, एकदा सांगितलेलं कधी विसरली नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण हे त्या पुण्याच्या साहेबाला सांगणार कोण? आम्ही चहा घेतला, सामोसे खाल्ले, फोनमध्ये अहवालांचं ॲप भरून घेतलं आणि आपापल्या गावी आलो.

पावसाळा सरता सरता लसीकरणाच्या दिवशी मला एका बाईच्या गळ्यात काविळीची माळ दिसली. आमच्याकडे कावीळ झाली की माणूस आधी दवाखान्यात येत नाही, माळ घालायला जातो. कसल्याशा झाडाच्या काडीचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेले असतात. कावीळ उतरत गेली की माळ लांबत जाते, असं लोक मानतात. काड्या वाळल्या की गाठी सैल पडून माळ लांबणारच, पण हे सांगून मी कधीच थकले होते. त्या दिवशी मात्र दुपारपर्यंत चार माळा दिसल्या, आणि चारही एकाच गल्लीतल्या. त्या गल्लीची नळाची पाइपलाइन गटारातून जाते.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या गावी माळ देणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेले. त्याला सगळे आबा म्हणतात. अंगणात चाकूने काड्या कापत बसला होता. मी विचारलं, "आबा, आमच्या गावचे किती आले?"

"तुमना एकला गावमा अकरा माळा गयात," तो मान वर न करता म्हणाला. "कोन कोन ते बी सांगू का? माले बठ्ठं याद शे."

आणि त्याने सगळं गल्लीवार सांगितलं. कुणाला आधी झाली, कुणाला नंतर, कुणाच्या घरात दोघांना. उपग्रह वर फिरत होता, पण साथीचा हिशोब इथे चाकू हातात घेऊन अंगणात बसला होता. मला आबाचा रागही आला आणि आमची लाजही वाटली.

त्या संध्याकाळी, इतक्या वर्षांनी, मी खरा आकडा भरला. कावीळ: अकरा. ॲपने जरा विचार केला आणि तांबड्या अक्षरांत सांगितलं, 'नोंद तपासा. या गावाच्या पूर्वेतिहासाशी विसंगत.' मी पुन्हा अकरा भरले. सकाळी जिल्ह्याहून फोन आला. आकडे सांभाळणारा माणूस अगदी गोड आवाजात म्हणाला, "ताई, सिस्टीम सांगतेय की तुमच्या गावात कावीळ होतच नाही. इतक्या वर्षांत एकही रुग्ण नाही. तुम्हाला एक लिहायचा असेल, बोट दोनदा लागलं असेल. मी दुरुस्त करून टाकलंय." मी सांगितलं की बोट एकदाच लागलंय आणि माणसं अकराच आहेत. तो म्हणाला, "लॅबचा रिपोर्ट आहे का? नाही ना? मग कसं धरायचं?"

नकाशावर माझं गाव हिरवंगार राहिलं. इतकं हिरवं तर आमचं शिवारही कधी पाहिलं नव्हतं. ग्रामसेवकाला म्हटलं, पाइप दुरुस्त करा, तर म्हणाला, "वरून पत्र येऊ द्या." पत्र येणार होतं ठिपका लाल झाल्यावर. तालुक्याला मी कागदावर लिहून दिलं, तर तिथले साहेब म्हणाले, ॲपमध्ये भरा. मी टाकीत ब्लिचिंग पावडर जास्त टाकायला लावली आणि पाणी उकळून प्या, असं घरोघर सांगत सुटले. आमचं ते सांगणं लोक देवळातल्या घंटेइतकंच ऐकतात.

त्याच आठवड्यात आशाताईने पहिल्या बाळंतपणासाठी लेकीला माहेरी आणलं. सहावा महिना. पोरगी हसरी होती. मला म्हणाली, "मावशी, बाळाची पहिली सुई तुम्हीच टोचायची." पाण्यातून येणारी ही कावीळ गरोदर बाईला किती वाईट, ते मला पुस्तकातून माहीत होतं आणि डोळ्यांनीही माहीत होतं. त्या दिवशी मी आशाताईला म्हणायला हवं होतं की पोरीला उद्याच सासरी पोहोचवून ये. मी म्हणाले, "पाणी उकळून पाज गं." साथीबद्दल खात्री झाल्याशिवाय बोलू नये, अफवा पसरतात, असं परिपत्रक होतं ना! मी परिपत्रक पाळलं.

महिनाभराने आशाताई उपकेंद्रात आली. तिच्या तोंडावर रक्त नव्हतं. "अक्का, पोरना डोया पिवया दिसतस." मी धावत गेले. पोरीच्या गळ्यात माळ होती. जिला मी गावभर माळेविरुद्ध बोलायला पाठवत होते, तिनेच घातली होती. मी ती तोडून फेकली, गाडी बोलावली आणि आम्ही धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात पोहोचलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं, आत घेतलं आणि बाहेर येऊन आशाताईला विचारलं, "तुमच्या गावात आणखी कुणाला कावीळ आहे का?"

आशाताईने माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवून म्हणाली, "नही मॅडम. आमना गावमा कोनलेच नही."

आत तिची लेक पडली होती, आणि ही बाई अहवाल देत होती. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि तिच्यापेक्षा जास्त माझ्या. मी पुढे झाले आणि म्हणाले, "अकरा होते. आता वीसच्या वर असतील. एकाच गल्लीत, एकाच नळावर." डॉक्टरीणबाईंनी तिथूनच जळगावला फोन लावला. दोन दिवसांत पाइप बदलला. पोरगी वाचली. बाळ पोटातच गेलं. मुलगा होता.

नंतर जळगावला पुन्हा सभा झाली. पडद्यावर माझं गाव लाल होतं, जिल्ह्याची माणसं येऊन हाताने आकडे भरून गेल्यावर झालेलं. वरातीमागून घोडं. खाली लिहिलं होतं, 'प्रणालीच्या मदतीने साथ वेळेत आटोक्यात.' मला व्यासपीठावर बोलावून पुष्पगुच्छ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माइक धरून म्हणाले, "माझ्या गावचे जुने सगळे अहवाल खोटे आहेत. मी स्वतः लिहिलेत." मग मोठे साहेब हसले, म्हणाले, ताई फार विनोदी आहेत. सगळं सभागृह हसलं. सावद्याकडची सिस्टर तेवढी हसली नाही.

चहाच्या वेळी तो पुण्याचा तरुण साहेब माझ्याकडे आला. गोरामोरा झाला होता. "मॅडम, मग खरे आकडे कुठे मिळतील?" इतके दिवस मी ज्याची टिंगल केली, त्या एकट्यानेच मला हा प्रश्न विचारला. त्याचंही मला बरं वाटलं नाही. मी म्हणाले, कुठेच नाहीत. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

रविवारी दुपारी कोरी वही घेऊन मी आशाताईच्या ओट्यावर जाऊन बसले. काय करायचं ते सांगितलं: गेल्या सगळ्या वर्षांत गावात कावीळ कुणाकुणाला झाली, कोण गेलं, आठवेल तसं लिहायचं. तिने विचारलं, "हाई कशाले?" मी म्हणाले, त्या यंत्राला शिकवायला. मला वाटलं, ती मला हाकलून देईल. तिने तसं केलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मना नातूपासीन सुरू कर. त्याना आगोदरना बठ्ठा माले याद शेतस."

मी नातू लिहिला. मग ती मागे मागे जात सांगत राहिली आणि मी लिहीत राहिले. तिसरी जी बाई तिने सांगितली तिच्यापाशी माझा हात थांबला. आठ महिन्यांची गरोदर होती. तिच्या मरणाचं कारण मी ताप असं लिहिलं होतं, आणि तिचे डोळे मी त्या दिवशी जवळून पाहिले होते. पिवळेधम्मक होते.