आण्णांचा नकार आणि मलकापूर कट

सांगलीत लग्नाचे व्हिडिओ जोडणारा म्हणून माझी ख्याती अशी, की नवरा मांडवात शिंकला तरी माझ्या हाताखालून गेल्यावर तो गोड हसलेला निघतो. रुसलेल्या मावश्या मी हसवल्यात, न आलेले मामा पंगतीत बसवलेत. एका वरातीत घोडा खाली बसला तो उठेचना; मी त्याला संगणकावर उठवून मांडवाच्या दारापर्यंत चालवत नेला. घोड्याचा मालक येऊन माझ्या पाया पडला. अशा सिद्धपुरुषाच्या हाती कुणी सिनेमा देऊ नये. पण शिराळ्याच्या माझ्या एका मास्तर मित्रानं दिला.

सिनेमा त्यानं उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत काढलेला. गोष्ट येणाऱ्या काळातली. त्या राज्यात दर आठवड्याला प्रत्येक नागरिकाचा सत्कार होणं कायद्यानं सक्तीचं असतं. शाल, नारळ आणि पाऊण तासाचं भाषण. घरोघरी शालींचे ढीग एवढे, की माणसं अंगणात झोपतात. डॉक्टर, ड्रायव्हर, पाणी सोडणारा, सगळे कायम व्यासपीठावर, त्यामुळं गावात कुणाचंच काम होत नाही. सत्कार चुकवणाऱ्याला पोलीस पकडून नेतात आणि ठाण्यात त्याचा दोनदा सत्कार करतात. शेवटी एक म्हातारा अंगावर घातलेली शाल भिरकावतो, एकच शब्द म्हणतो, ‘न्हाई’, आणि पडदा काळा होतो.

म्हाताऱ्याचं काम माझ्या थोरल्या चुलत्यांनी केलं. घरात त्यांना सगळे आण्णा म्हणतात. फौजेतून सुभेदार होऊन आलेले. गावानं दर झेंडावंदनाला त्यांच्या सत्काराचा घाट घालायचा आणि आण्णांनी नेमकं त्याच सकाळी उसाला पाणी पाजायला जायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, “माझ्यासंगट गेलेली दोन पोरं परत आली न्हाईत. त्यांच्या वाटची शाल मी कशी घिऊ, सांग.” मास्तरनं गोष्ट सांगितली तेव्हा ते मिशीत हसले. “हे मला समद्यांम्होरं म्हणाया मिळणार असंल तर येतो की.” आयुष्यात दुसरा अभिनय त्यांनी केला नाही. हाही केला नव्हता.

पूर्ण सिनेमा एकदाच दाखवला गेला, साताऱ्यात, चाळीस माणसांपुढं. संपल्यावर एक सद्गृहस्थ उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, “योजना लय चांगली हाय. फॉर्म कुठं मिळणार?” बाकीचे हसले; अकरा जणांनी पेन काढलं.

मग शिराळ्याहून बोलावणं आलं. तिथल्या मंडळाचं म्हणणं, जेवण थंड होतंय, शेवटची दहा मिनिटं कापा. कापली. हा शिराळा कट. त्यात म्हाताऱ्याच्या अंगावर शाल पडते आणि लोक थेट मसालेभातावर जातात. त्यानं शाल ठेवली की फेकली, कुणालाच कळत नाही.

त्यानंतर मलकापूर. तिथल्या मंडळाच्या अध्यक्षांचा फोन. “शेवट लय जड हाय. म्हाताऱ्यानं शाल घेतली तर काय बिघडतंय? मोठा पाव्हणा आणि रुसून बसलाय, बरं दिसत न्हाई.” मास्तर म्हणाला, “हात लावू नको हं.” मी म्हटलं, एका खेळापुरतं. आणि फार काही केलंच नाही. आण्णा शाल भिरकावतात तेवढा तुकडा फक्त उलटा फिरवला. खाली पडलेली शाल जमिनीवरून उठली, हवेतून गिरकी घेत आली आणि आण्णांच्या खांद्यांवर अलगद बसली. आण्णांची ताठ होत गेलेली मान उलट्या क्रमानं खाली गेली, म्हणजे नम्रपणे वाकली. आवाज काढून टाकला आणि लग्नाची सनई भरली. मलकापुरात टाळ्या अशा पडल्या, की कऱ्हाडात लोकांना वाटलं वळीव आला. मास्तर चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी कुणीतरी त्याला फोनवर त्या टाळ्या ऐकवल्या, मग बोलला.

तोच कट मोबाईलवरून पसरला. सांगलीतली कॉलेजची पोरं मे महिन्यात खांद्यावर शाल टाकून फिरायला लागली. शिराळावाले न बघताच म्हणायचे म्हाताऱ्यानं शाल फेकली, मलकापूरवाले म्हणायचे घेतली, आणि दोन्ही पंथ एका टपरीवर चहा पीत नसत. फक्त आण्णांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचा फोन बटणांचा. आणि त्यांना सांगण्याइतकं मोठं काळीज माझ्याकडं नव्हतं.

मग माधवनगरच्या पाहुण्यांनी दुपारच्या वेळी मंगल कार्यालयात खेळ ठेवला आणि आण्णांनाच बोलावलं. मी आधी फोन करून बजावलं, शिराळा कट लावा. पाहुणे म्हणाले, “त्यो अर्धवट हाय वो. आमच्याकडं चांगला हाय.”

चांगला लागला. मी आण्णांच्या शेजारी बसलो होतो. शाल जमिनीवरून उठली, सनई वाजली, पडद्यावरचे आण्णा वाकले, लोकांनी कार्यालय डोक्यावर घेतलं. शेजारचे आण्णा हलले नाहीत. त्यांनी फक्त आपल्या खांद्यावरून हात फिरवला, काही बसलं असेल तर झाडावं तसा. तेवढ्यात पाहुणे खरीखुरी शाल घेऊन आले.

“सुभेदार, उठा, तुमचा सत्कार!”

“आवं, आत्ताच समद्यांदेखत घातली की,” आण्णा म्हणाले. “आता अजून किती गुंडाळता?”

लोक हसले. त्यांना तो सिनेमातलाच संवाद वाटला. आण्णा बाहेर चपलांपाशी आले. मीही.

“लेका, ही तुझी कारागिरी?”

“व्हय. पण आण्णा, लोकांना लय आवडलं म्हणून...”

“लोकांना आवडलं म्हणून मी वाकलो व्हय?” चपलेत पाय घालता घालता ते थांबले. “त्या दोघांच्या घरची माणसंबी बघत असतील की रं हे. आयुष्यात एकच गोष्ट समद्यांम्होरं बोललो व्हतो. ती मला परत दे. तवर घरी येऊ नगंस.”

दुकानात येऊन मूळ प्रत शोधली. नव्हती. एका लग्नातल्या मेंदीच्या व्हिडिओला संगणकात जागा हवी म्हणून मीच ती पुसली होती. मास्तरची प्रत शाळेच्या जुन्या संगणकात होती आणि तो संगणक भंगारात गेला होता. घोडा उठवणारा सिद्धपुरुष दोन दिवस डोकं धरून बसला. मग सुचलं, तेही आमच्या बायकोला. ती म्हणाली, “उलटं केलंय ना? मग परत उलटं करा.”

केलं. शाल पुन्हा खांद्यावरून उडाली, मान ताठ झाली. पण तोंड हललं आणि आवाज नाही. तो मी फेकून दिला होता. घरी जायची बंदी, म्हणून मास्तरला पाठवलं आणि आण्णांना एका शब्दासाठी सांगलीला बोलावलं.

इस्त्रीचा शर्ट घालून ते एसटीनं आले. भिंतींना गोधड्या लावलेल्या माझ्या खोलीत मी त्यांना माईकपुढं बसवलं, कानावर हेडफोन दिले आणि खूण केली. आण्णा म्हणाले, “न्हाई.” हजेरीला उत्तर द्यावं तसं, सपाट.

मी जन्माचा कारागीर. राहवलं नाही. म्हटलं, “झकास, आण्णा. पण अजून एकदा घेऊ. जरा दुःख आणा आवाजात, शेवटी थोडं थरथरलं तर लोकांना...”

आण्णांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. माझ्याकडं बघितलं.

“न्हाई,” ते म्हणाले, पिशवी उचलली आणि स्टँडकडं चालायला लागले.

यंत्र चालूच होतं. सिनेमात आता तो दुसरा ‘न्हाई’ आहे. जसा आला तसा ठेवलाय.