फोटो पोहोचवणारे सर

आमच्या फोटोग्राफीच्या सरांपेक्षा जास्त फोटो नाशिकमध्ये कोणी काढलेही असतील, पण त्यांच्याइतके घरोघरी नेऊन कोणी दिले नसतील. ज्याचा फोटो काढला, त्याच्या हातात प्रिंट पडेपर्यंत सरांना घास गोड लागत नसे. एकदा हेल्मेट नाही म्हणून पोलिसाने त्यांना सिग्नलवर अडवलं, तर सर म्हणाले, "साहेब, मान जरा डावीकडे घ्या. उजेड फार छान पडलाय." आणि पोलिसाने घेतली! चौथ्या दिवशी सर प्रिंट घेऊन त्याच सिग्नलवर हजर, पुन्हा हेल्मेटशिवाय. मिसळ आली की आधी ताट खिडकीपाशी न्यायचे. रस्सा गार झाल्यावर आम्हाला खायची परवानगी. आणि वर्गात कोणीही फोटो दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला: "नाव काय यांचं?"

त्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं. फोटो माझ्या आईचा होता. ती दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला जाते. वर्गातली मुलं शहरातली, त्यांच्यासमोर तोंडातून निघून गेलं, "माहीत नाही सर. दिंडोरीकडच्या बागेतली कोणीतरी मजूर बाई आहे."

"मग प्रिंट देऊ आणि विचारून येऊ," म्हणत शनिवारी सरांनी मला स्कूटरवर मागे बसवलं. पोटदुखीपासून परीक्षेपर्यंत सगळं मी सांगून पाहिलं.

आई घडांची विरळणी करत होती. मला पाहून हसली. मग माझा चेहरा नीट पाहिला आणि हसू आवरलं.

"मावशी, तुमचा फोटो यानं काढलाय. ओळखलंत का?" सरांनी विचारलं.

पदराला हात पुसून तिने फोटो धरला. "नाय ओ सर. आलता एक पोरगा."

"नाव काय लिहू तुमचं?"

"नावाचं काय सर, बागेतली बाई लिवा." मग माझ्याकडे वळली. "लय चांगला काढला, दादा. उन्हातनं आलात, पाणी प्या."

माझ्या आईने मला अहो-जाहो केलं. मी पाणी प्यायलो. तेवढंच केलं.

निघताना सरांनी एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि स्कूटर सुरू केली.

कॉलेजच्या प्रदर्शनात त्यांनी माझ्या फोटोखालची नावाची पट्टी कोरी ठेवली आणि कडेला पेन. तीन दिवस मी तिथे जाऊन उभा राहायचो आणि परत यायचो. शेवटच्या संध्याकाळी आईचं पूर्ण नाव लिहिलं, खाली 'माझी आई' असंही. सर बाकीच्या फ्रेमा उतरवत होते. माझी त्यांनी बराच वेळ भिंतीवर राहू दिली. पण तोवर बघायला कोणी उरलं नव्हतं.