गळ्याशी अडलेली नळी

आज वॉर्डात कुणाच्या तरी लुगड्याला मोहफुलांचा वास होता आणि वीस वर्षांपूर्वीचा राग पुन्हा अंगात चढला.

तेव्हा मी सालेकशाकडच्या एका छोट्या दवाखान्यात नवी नर्स होते. मोहफुलं वेचायचं सोडून आलेली एक आजी, आदल्या दिवशी जन्मलेली नात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. बाळाच्या तोंडातून सारखा फेस येत होता, ओठ निळे पडत होते.

"नर्सबाई, दूध पोटात जाऊनच नाही राह्यलं. काऊन असं?"

मी डॉक्टरांना सांगितलं. खुर्चीतून न उठता ते म्हणाले, "इन लोगों को पिलाना नहीं आता. तू चमच्यानं पाज."

मी पाजलं. बाळ गुदमरलं, तरी थोड्या वेळानं पुन्हा पाजलं.

संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टर आल्या. त्यांनी तोंडातून नळी घातली, ती गळ्याखालीच अडली. अन्ननलिका जन्मतःच बंद होती आणि दूध फुप्फुसात गेलं होतं. नागपूरला नेताना वाटेतच बाळ गेलं.

कित्येक वर्षं मी त्या डॉक्टरांवरच चिडत राहिले. पण नळ्यांचं कपाट माझ्याच ताब्यात होतं. आम्ही अडाणी समजलेल्या आजीला जे दिसलं, ते मलाही दिसलं होतं. मी गप्प बसले.

आता असा फेस दिसला की मी दूध थांबवते आणि आधी नळी घालून बघते. न विचारता केलं म्हणून डॉक्टर ओरडतात. ओरडू देत.